बहमनी राज्य नेमकं कशानं फुटलं? गावानच्या खुनानं की त्याच्या आधीच?

सीनाकाठचा (धागाकर्ता):
नमस्कार मंडळी. शाळेत आपण सगळ्यांनी एकच ओळ पाठ केली, बहमनी वजीर महमूद गावानला मारलं आणि बहमनी राज्याचे पाच तुकडे झाले. मी नगरला वाढलोय त्यामुळे भुईकोट किल्ला, फराहबाग, दमडी मशीद सगळं सायकलवर फिरून झालेलं, पण ही निजामशाही मुळात कुठून उगवली ते नीट वाचायला घेतलं ते फार उशिरा. आणि जितकं वाचतोय तितकं वाटतंय की ती शाळेतली ओळ अर्धीच आहे.

माझं मत असं. १३४७ साली दौलताबादला हसन गंगू (अल्लाउद्दीन बहमनशहा) गादीवर बसला, राजधानी गुलबर्ग्याला नेली, आणि त्याच्या मुलाच्या, म्हणजे पहिल्या मुहम्मदशहाच्या काळात राज्याचे चार तरफ (म्हणजे प्रांत) पक्के झाले: दौलताबाद, वऱ्हाड, बिदर आणि गुलबर्गा. तरफदाराच्या हातात काय काय होतं बघा. प्रांताचं सैन्य त्याचं, वसुली त्याची, किल्लेदार नेमायचे तेही त्यानेच. म्हणजे एक राजा सोडला तर राज्याला लागतं ते सगळं प्रत्येक प्रांतात तयारच होतं. सुलतान दणकट होता तोवर चाललं. गावानला मारलं ५ एप्रिल १४८१ ला, पण फूट त्याच्या शंभर वर्षं आधीच आखून ठेवलेली होती असं मला वाटतं.

तर प्रश्न असा: गावान जगला असता तर राज्य टिकलं असतं का? मला वाटतं नाही. तुम्हाला?

प्रश्नचिन्ह:
चांगला विषय. पण त्याच्याही मागे जाऊ ना, मुळात हे सरदार दिल्लीपासून तुटले का? तुघलक विक्षिप्त होता एवढंच सांगतात सगळे.

गडवाटा:
@प्रश्नचिन्ह, विक्षिप्तपणावर सगळं ढकलणं सोपं आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या आसपास दौलताबादला राजधानी केली तेव्हा उत्तरेतली कितीतरी घराणी इकडे आणून वसवली. राजधानी परत गेली पण यातले बरेच लोक इथेच राहिले, त्यांची मुलंबाळं इथे वाढली. यांच्यातलेच ते अमीरान-ए-सदा, म्हणजे शंभर शंभर गावांची वसुली आणि लष्करी जबाबदारी असलेले मधल्या फळीतले अंमलदार. तुघलकाला या लोकांचा संशय यायला लागला, माळव्यात धारला तर त्याच्या सुभेदाराने बऱ्याच सदा अमीरांना एकदम कापून काढलं. ती बातमी दौलताबादला पोचली, त्यात इथल्या अमीरांना बादशहाकडे हजर व्हा म्हणून हुकूम आला, आता तिथे कोण जाईल? वाटेतच उठाव झाला. आधी इस्माईल मुख नावाच्या म्हाताऱ्या सरदाराला गादीवर बसवलं, त्याने पुढे हसनसाठी ती सोडली.

म्हणजे धागाकर्त्याच्या मुद्द्याला बळकटीच येते. राज्य जन्मलं तेच मुळी सरदारांच्या बंडातून, मग सरदारांना एका मर्यादेपलीकडे दाबणार कोण?

दूरदेशी:
थोडं अवांतर होईल, पण याच सुमाराला खाली मदुराईतही असंच झालं होतं. १३३५ च्या सुमारास तुघलकाचाच तिथला सुभेदार जलालुद्दीन अहसन खान स्वतंत्र झाला. इब्न बतूता याचा जावई होता! पण ती सल्तनत चाळीसेक वर्षांत संपली, विजयनगरच्या कुमार कंपणाने संपवली. मालक तोच, बंडाची पद्धत तीच, पण एक चाळीस वर्षांत संपते आणि दुसरी पावणेदोनशे वर्षं टिकते. माझ्या मते याचं कारण माणसं. मदुराईच्या सुलतानांभोवती त्यांच्या बाजूची वसलेली वस्ती फार थोडी होती आणि आपसात खून पडत होते, तर दख्खनेत गडवाटा म्हणतात तशी दौलताबादेला आलेली अख्खी पिढी होती आणि खालचे देशमुख-देसाई जागच्या जागी ठेवून त्यांच्याकडूनच काम करून घेतलं. त्यामुळे बहमनी राज्य का फुटलं याच्याइतकंच ते इतकं का टिकलं हेही विचारायला पाहिजे.

वऱ्हाडी_ठेचा:
गंगू ब्राह्मणाची गोष्ट कोणी काढली नाही अजून, आश्चर्य आहे :)

गडवाटा:
@वऱ्हाडी_ठेचा, ती दंतकथा आहे हो. हसन गंगू नावाच्या ब्राह्मणाकडे चाकरीला होता, शेतात धनाचा हंडा सापडला, वगैरे. ती गोष्ट बऱ्याच नंतरच्या बखरकारांनी लिहिली. त्याचा स्वतःचा दावा इराणच्या प्राचीन बहमन राजाच्या वंशाचा होता. तोही खरा असेल असं नाही, पण त्याला दरबारात काय सांगायचं होतं ते त्यातून कळतं.

बिदरची_सून:
माझं सासर बिदरचं, घरात मराठी कानडी उर्दू तिन्ही चालतात, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही.

सीनाकाठचा, तुमचा तरफांचा मुद्दा मान्य, पण दख्खनी आणि आफाकी यांच्या भांडणाबद्दल एक शब्द नाही तुमच्या पोस्टमध्ये, ते कसं चालेल? इराण, इराक, तुर्कस्तानकडून समुद्रमार्गे आलेले ते आफाकी, त्यांना परदेशी किंवा गरीब-उद-दियारही म्हणत, आणि पिढ्यान्‌पिढ्या इथे रुजलेले ते दख्खनी, हबशीही बहुतेक त्यांच्याच बाजूला. बहमनी सुलतानांना बाहेरची माणसं हवी असायची कारण त्यांना इथे भाऊबंद नाही, जमीनजुमला नाही, म्हणजे ती फक्त सुलतानाची. आणि दख्खन्यांना साहजिकच वाटायचं की घाम आम्ही गाळायचा आणि पदं काल उतरलेल्यांना.

चाकणचं प्रकरण वाचा. दुसऱ्या अल्लाउद्दीन अहमदशहाच्या काळात (१४३६ ते १४५८) खलफ हसन बसरी, मलिक-उत-तुज्जार, कोकणात मोहिमेवर गेला. तिथल्या शिर्के घराण्याने त्याला खेळण्याकडे, म्हणजे आजच्या विशाळगडाकडे वाट दाखवतो म्हणून दाट रानात नेलं आणि तिथे फौज कापली गेली, तोही मेला. जे आफाकी वाचले ते चाकणच्या किल्ल्यात आले. तर दख्खनी सरदारांनी बिदरला लिहिलं की हे लोक फितूर आहेत, सुलतानाने परवानगी दिली, आणि आपल्याच राज्याच्या फौजेने आपल्याच राज्याचे सैनिक मारले. खरं काय ते नंतर कळलं, मग दख्खन्यांना शिक्षा झाल्या. पण अशा घटनेनंतर दोन गट एका छावणीत विश्वासाने झोपतील का?

गावानचा मृत्यूही याच वैरातून. त्याच्या शिक्क्याचा कोरा कागद मिळवला, त्यावर ओडिशाच्या राजाला चढाईचं आमंत्रण देणारं पत्र लिहिलं आणि ते दारू प्यायलेल्या तिसऱ्या मुहम्मदशहापुढे ठेवलं. सत्तरी ओलांडलेल्या वजिराला कोंडापल्लीच्या छावणीत मारून टाकलं. बिदरला त्याचा मदरसा आहे, १४७२ चा. निम्मा उडालेला आहे, औरंगजेबाच्या काळात आत तोफांची दारू साठवली होती तिचा स्फोट झाला. पण उरलेल्या मिनारावर निळ्या-हिरव्या काशी फरशा अजून आहेत. तिथे उभं राहिलं की मला या माणसाबद्दल दरवेळी वाईट वाटतं, आणि ते शाळेतल्या ओळीमुळे नाही.

तळकोकणी:
बिदरताई, शिर्क्यांनी शत्रूला रानात नेऊन मारलं यात आम्हा कोकण्यांना अभिमान वाटला तर रागावू नका :)

बिदरची_सून:
@तळकोकणी, नाही हो रागवत :) ते आपली भूमी राखत होते. मी बोलत होते चाकणबद्दल.

सीनाकाठचा:
बिदरताई, सुंदर लिहिलंत. पण दख्खनी-आफाकी हे भांडण फुटीचं मूळ धरलं तर एक गोष्ट जुळत नाही. वेगळे झाले कोण कोण ते बघू.

नगरचा मलिक अहमद: त्याचा बाप मलिक हसन बहरी, मूळचा ब्राह्मण, घराण्याचा संबंध पाथरीच्या कुलकर्ण्यांशी सांगतात. म्हणजे दख्खनी.
वऱ्हाडचा फतहुल्ला इमाद-उल-मुल्क: विजयनगरकडचा, कानडी ब्राह्मण कुळातला, लहानपणी कैद होऊन आलेला. हाही दख्खनी गटातला.
विजापूरचा युसुफ: परदेशातून आलेला, गावानच्या मर्जीतला.
गोवळकोंड्याचा कुली: हमदानकडचा.
बिदरचा कासिम बरीद: तोही बाहेरून आलेला.

म्हणजे दोन्ही गटांतले लोक फुटले. भांडण गटांचं असतं तर दोन तुकडे पडले असते. उलट १४९० मध्ये मलिक अहमद, युसुफ आणि फतहुल्ला, दख्खनी आणि आफाकी, एकमेकांच्या सल्ल्याने सुलतानापासून वेगळे झाले असं इतिहासकार लिहितात. प्रांत ज्याच्या हातात तो फुटला, जात-वंश-गट काहीही असो.

सोलापुरी_चादर:
हे म्हणजे थोरला गेल्यावर वाडा वाटून घेतात तसंच झालं की. आणि मधला चौक कुणाचा यावर पुढे दोनशे वर्षं मारामाऱ्या. तो चौक म्हणजे आमचं सोलापूर :) १५२४ ला बुऱ्हाण निजामशहाचं लग्न आदिलशहाच्या बहिणीशी लागलं तेव्हा सोलापूर आंदण द्यायचं कबूल केलं म्हणे, दिलंच नाही, त्यावरून लढाया. मग १५६५ च्या तालिकोट्याच्या आधी चांदबीबीचं लग्न अली आदिलशहाशी झालं तेव्हा सोलापूर उलट्या बाजूने आंदण गेलं. आमच्या भुईकोटाला बिचाऱ्याला कुठल्या सासरी नांदायचं तेच कळत नव्हतं.

गडवाटा:
त्याच भांडणातून मुलूख-मैदान तोफेचीही वरात निघाली. १५४९ ला नगरला ओतली, रूमी खानाने, मग परांड्याच्या किल्ल्यावर गेली, आणि १६३२ ला विजापूरला नेली. आज विजापूरच्या बुरुजावर आहे. नगरकरांनी परत मागावी :)

तळकोकणी:
आता माझा मुद्दा, जरा मोठा आहे. सगळे दरबाराबद्दल बोलताय पण पैसा कुठून येत होता ते बघा. दख्खनला चांगले घोडे होत नाहीत. लढाईचा घोडा यायचा होर्मुझकडून, जहाजातून, चौल आणि दाभोळला उतरायचा, मग घाट चढून वर. रशियन व्यापारी निकितिन १४६९ च्या आसपास चौललाच उतरला, आणि विकायला काय आणलं होतं? एक घोडा! तो जुन्नरला पावसाळाभर अडकला, तिथल्या असदखानाने घोडा काढून घेतला, मुसलमान हो तर घोडाही देतो आणि वर हजार मोहरा देतो म्हणाला, शेवटी एका खुरासानी माणसाने मध्ये पडून सोडवला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे, कधी आलात तर बघा. त्याने लिहून ठेवलंय की उमराव फार श्रीमंत आहेत आणि खेड्यातले लोक फार हलाखीत.

गावान कोकणात एवढा का झटला? खेळणा घेतला, १४७२ ला गोवा घेतला, कारण बंदरं आणि घोडे. विजयनगरला घोडा मिळू नये आणि आपल्याला मिळावा.

आता फुटल्यावर वाटण्या बघा. निजामशाहीला चौल. आदिलशाहीला दाभोळ आणि गोवा (गोवा १५१० ला पोर्तुगीजांनी नेलं). कुतुबशाहीला पूर्वेकडे मच्छलीपट्टण. वऱ्हाड आणि बिदरला बंदर नाही. आणि पहिल्यांदा कोण संपलं? वऱ्हाड, १५७४. त्यानंतर बिदर, १६१९. बंदरवाल्यांना संपवायला मात्र मुघलांना यावं लागलं, निजामशाही १६३६, विजापूर १६८६, गोवळकोंडा १६८७. माझ्या मते फूट पडली तीही यामुळेच, की प्रांताच्या माणसाला बिदरकडून काहीच घ्यावं लागत नव्हतं. जुन्नरच्या माणसाकडे घाट होता, घाटाखाली चौल होतं, बिदरला पैसा पाठवायचा कशासाठी?

वऱ्हाडी_ठेचा:
तळकोकणी भाऊ, बंदर नसलं तरी वऱ्हाड गरीब नव्हतं हां. काळी माती, कापूस, गाविलगड आणि नरनाळ्यासारखे किल्ले. इमादशाही संपली ती घरातल्या फितुरीने. तुफालखानाने बाल सुलतान बुऱ्हाण इमादशहाला नरनाळ्यात कोंडून सत्ता स्वतःकडे घेतली, मुर्तजा निजामशहाला तेच निमित्त मिळालं, आम्ही खऱ्या राजाला सोडवायला आलोय म्हणत आला आणि दोघांनाही घेऊन गेला, राज्यासकट. दर्या नव्हता म्हणून हरलो नाही आम्ही.

तळकोकणी:
मान्य की लगेचचं कारण तुफालखान. पण बाल सुलतान आणि कारभारी हे तर विजापूर-नगरलाही कितीदा झालं, ते तगले ना. घोडे-तोफांसाठी रोकड लागते भाऊ.

प्रश्नचिन्ह:
वा, बंदरांचा मुद्दा आधी वाचनात नव्हता. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट याच काळातली ना? दुष्काळात सरकारी कोठार खुलं केलं आणि विठ्ठल महार होऊन बिदरला पैसे भरून आला.

मोडीवाचक:
हो, परंपरा ती बहमनी काळातच धरते. कथा भक्तीची आहे, तिच्यात दस्तऐवज शोधू नये. पण तिचा सांगाडा मला नेहमी खरा वाटतो: धान्य गावात पिकतं, गावातच कोठारात पडून असतं, लोक त्याच्या दारात मरतात, आणि कुलूप उघडायचा अधिकार मात्र लांब बिदरला. मराठी माणसाने त्या सल्तनतीची आठवण कुठल्याही लढाईतून ठेवली नाही, या कोठारातून ठेवली.

आता मूळ चर्चेबद्दल. तुम्ही सगळे वरून बघताय, मी खालून बघतो कारण माझं काम जुन्या कागदांशी. सुलतान बदलला तरी गावातला पाटील, कुलकर्णी, परगण्याचा देशमुख-देशपांडे तेच राहिले. फुटीचा खरा फायदा यांना झाला. एक दरबार होता तिथे पाच झाले, आणि पाचही एकमेकांशी लढणारे, म्हणजे घोडेस्वार पुरवणाऱ्याला आणि हिशेब ठेवणाऱ्याला भाव आला. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (१५३४ ते १५५८) तर आफाकी लोकांना मोठ्या संख्येने कमी केलं, दख्खनी आणि मराठा स्वार घेतले आणि महसुली दफ्तर फारसीतून काढून देशी भाषेत ब्राह्मण कारकुनांकडे दिलं. नंतरची कितीतरी फर्मानं वर फारसी आणि खाली मराठी मोडी अशी आहेत. मालोजी, शहाजी, जाधव, निंबाळकर, घोरपडे ही मंडळी मोठी होतात ती या पाच दरबारांच्या चढाओढीत. १६२४ च्या भातवडीत मलिक अंबरच्या बाजूने शहाजीराजे मुघल आणि आदिलशाही या दोघांच्या फौजांविरुद्ध लढतात, ते एका अखंड बहमनी राज्यात घडलं असतं का? मला नाही वाटत.

गडवाटा:
घोरपड्यांचं नाव आलंच आहे तर, खेळण्याला घोरपड लावून कडा चढले म्हणून घोरपडे, हे मुधोळच्या फर्मानांत आहे ना?

मोडीवाचक:
आहे, पण त्या फर्मानांच्या अस्सलपणाबद्दल अभ्यासकांत जुना वाद आहे, त्यामुळे त्याच्यावर इमला बांधू नये.

दूरदेशी:
सगळं छान चाललंय पण धागाकर्त्याचा प्रश्न राहिलाच की. गावान जगला असता तर?

बिदरची_सून:
मी उत्तर देते, आणि माझं उत्तर "कदाचित टिकलं असतं" असं आहे. कारण सीनाकाठचा ज्याला रोग म्हणताय तो गावानने ओळखला होता. चाराचे आठ तरफ त्यानेच केले: गाविल, माहूर, दौलताबाद, जुन्नर, विजापूर, गुलबर्गा, वरंगळ, राजमहेंद्री. तरफदाराकडे एकच किल्ला ठेवला, बाकी किल्ल्यांचे किल्लेदार थेट सुलतानाचे. प्रत्येक तरफातली काही गावं खालसा, म्हणजे थेट सुलतानाची केली. जितके स्वार कागदावर तितके हजर दिसलेच पाहिजेत, नाहीतर पगार कापणार. जमीनमोजणी सुरू केली. मोठी पदं दख्खनी आणि आफाकी दोघांत वाटली. याच्यामुळेच सरदार त्याच्यावर उठले ना? म्हणजे औषध लागू पडत होतं. आणखी दहा-पंधरा वर्षं मिळाली असती तर एक नवी पिढी त्या नियमांत वाढली असती.

सीनाकाठचा:
बिदरताई, औषध बरोबर होतं हे शंभर टक्के. पण ते राबवायला वर कोण होतं ते बघा. १४६१ ते १४८२ या एकवीस वर्षांत तीन वेळा गादीवर लहान मूल बसलं: आठ वर्षांचा निजामशहा, मग नऊ-दहा वर्षांचा तिसरा मुहम्मद, मग बारा वर्षांचा महमूद. पहिल्या दोघांना त्यांच्या आईने, मखदूमा-ए-जहानने सांभाळलं, फार हुशार बाई, तिच्यावर वेगळा धागा हवा. म्हणजे सुधारणा सगळ्या एका वजिराच्या जिवावर. आणि वजीर सत्तरी पार. तो अंथरुणात शांतपणे गेला असता तरी महमूद बाराच वर्षांचा असता आणि दख्खनी गटाचा मलिक हसन बहरी तिथेच असता.

दुसरं, गावानच्या मृत्यूनंतर त्याच्या बाजूच्या सरदारांनी काय केलं? सुलतानाच्या छावणीपासून वेगळा तळ ठोकला आणि थोड्याच दिवसांत आपापल्या प्रांतात निघून गेले. म्हणजे आठ केले तरी प्रांत त्यांचेच राहिले होते. १४८६ ला बिदरला मलिक हसन मारला गेला तेव्हा त्याचा मुलगा मलिक अहमद जुन्नरकडे होता, शिवनेरी त्याने घेतलेली, तिथे महाराष्ट्राचा साठलेला महसूल त्याला मिळाला. तो पैसा बिदरला न जाता शिवनेरीवर पडून होता हेच मला सगळ्यात बोलकं वाटतं, आणि इथे तळकोकणींचा आणि माझा मुद्दा एकच होतो. मग २८ मे १४९० ला त्याने बिदरच्या फौजेला बागेच्या लढाईत हरवलं आणि १४९४ ला त्याच जागेजवळ सीनेकाठी नगर वसवायला घेतलं.

बिदरची_सून:
शिवनेरीच्या खजिन्याचा मुद्दा पटला. तरी मी म्हणेन की खालसा गावं आणि थेट किल्लेदार रुजले असते तर तो महसूल शिवनेरीवर साठलाच नसता. आपण दोघं एकाच गोष्टीच्या दोन बाजूंना उभे आहोत आणि मी माझी जागा सोडत नाही :)

मोडीवाचक:
एक भर. हे लोक वेगळे झाले तरी लगेच "आम्ही बादशहा" असं म्हणाले नाहीत हेही लक्षात घ्या. सुरुवातीच्या कित्येक वर्षांत त्यांनी स्वतःच्या नावाची नाणी पाडली नाहीत, बहमनी नाणंच चालत राहिलं. महमूदशहा १५१८ पर्यंत बिदरच्या गादीवर होता, बरीदांच्या मुठीत. कुली कुतुब-उल-मुल्क तर त्याच्या मृत्यूपर्यंत उघड वेगळा झाला नाही. म्हणून १४९० ला राज्य "संपलं" म्हणणंही पूर्ण खरं नाही. राजा सगळ्यांना चालत होता, फक्त त्याला वसूल द्यायला कोणी तयार नव्हतं.

प्रश्नचिन्ह:
मग शेवटचा बहमनी कोण?

मोडीवाचक:
कलीमुल्ला. १५२६ ला बाबर दिल्लीत आल्याचं कळल्यावर त्याने गुपचूप पत्र पाठवलं, मला बरीदाच्या कैदेतून सोडव, मी वऱ्हाड आणि दौलताबाद देतो. दोन्ही प्रांत त्याच्या हातात नव्हतेच. बाबराला आपलेच व्याप होते. बातमी फुटली तेव्हा कलीमुल्ला विजापूरला पळाला, तिथला आदिलशहा त्याचा मामा होता, पण तिथे थारा मिळेना म्हणून नगरला. बुऱ्हाण निजामशहाने त्याला मानाने ठेवलं, सुरुवातीला दरबारात त्याच्यासमोर उभा राहायचा असंही लिहिलंय, मग सरदारांना ते खटकायला लागलं आणि ते बंद झालं. नगरलाच तो वारला.

वऱ्हाडी_ठेचा:
म्हणजे शेवटी तोही नगरकर झाला! सीनाकाठचा, अभिनंदन :)
मी इमादशाहीवर स्वतंत्र धागा काढतोय या आठवड्यात, अचलपूर, गाविलगड, नरनाळा सगळं घेऊन. तळकोकणी भाऊ, तुमच्या बंदराच्या मुद्द्याला तिथे उत्तर देतो, कापसाचा व्यापार कुठल्या वाटेने बाहेर पडायचा ते शोधून ठेवलंय.

तळकोकणी:
या, वाट बघतो. कापूस बुऱ्हाणपूरवरून सुरतेकडे जायचा असं म्हणणार असाल तर ती वाट खानदेशच्या फारुकींच्या मुलखातून जाते, जकात त्यांना मिळणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.

सीनाकाठचा:
धागा काढलात की दुवा इथे द्या. आणि बिदरताई, मखदूमा-ए-जहानचं तुम्ही मनावर घ्या, बिदरमध्ये बसून तुमच्याशिवाय ते कोण लिहिणार?

बिदरची_सून:
घेतलं मनावर. बिदरजवळच्या अष्टूरला जाऊन बहमनी कबरींचे फोटो काढून आणते आधी. हुमायूनशहाची, म्हणजे तिच्या नवऱ्याची कबर वीज पडून दुभंगलेली आहे, घुमट आतून कसा बांधला होता ते त्यामुळे अगदी स्पष्ट दिसतं.